इंगळे बाई, उजवा पाय राजा नव्हता

बाई, तुमच्या फोटोला फुलं वाहून मी खुर्चीत येऊन बसले, तेव्हा तुमच्याविषयी माझ्या मनात एकही वाकडा शब्द नव्हता. पर्समध्ये घडी केलेला कागद होता. तुमच्यावर चार ओळी लिहून आणल्या होत्या, माइकवर बोलायला. तो कागद अजून तसाच आहे. तो वाचायची माझी पाळी येण्याआधीच तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, आणि तेही फोटोतून हसत.

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला विहाराचं सभागृह भरून लोक बाहेर मांडवात बसले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलायला लागला. तुमच्या खो-खोच्या पोरी, आता दोन-दोन लेकरांच्या आया, रडतही होत्या आणि तुमच्या चापटा आठवून हसतही होत्या. मग कुणीतरी हाताला धरून एका म्हाताऱ्या बाईंना माइकपाशी आणलं. सुमतीताई. माझ्या नृत्याच्या गुरू. अकोल्याहून दर शनिवार-रविवार बसनं मेहकरला येऊन ज्यांनी मला भरतनाट्यम शिकवलं, आणि ज्यांचं मी अकरा वर्षं तोंड पाहिलं नव्हतं. सवयीनं मी मान दुसरीकडे वळवली. तुम्हाला ती सवय चांगली ठाऊक होती. तुम्हीच ती लागू दिलीत.

ताई म्हणाल्या, "इंगळे बाईंना नाचातलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मला फोन केला नसता, तर माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीचा पाय मीच मोडला असता. त्या म्हणाल्या, पोरीला दौऱ्यावर नेऊ नका, उजवा गुडघा जाईल. मी तिला नेलं नाही. ती आज इथेच बसली आहे, स्वतः शिकवते. हे बाईंचे उपकार."

लोकांनी माना डोलावल्या. कुणाचे डोळे भरून आले. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, कारण माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. ज्यांच्या दाराशी मी अकरा वर्षं रडायला जात होते, त्या तुम्हीच ताईंचं दार माझ्या तोंडावर लावलं होतंत, बाई.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण यावेळी तुम्हाला मधेच उठून चहा ठेवायला जाता येणार नाही.

मी आठवीत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती आणि मी व्हरांड्यात ताईंनी शिकवलेल्या अर्ध्या बैठकीत उभी होते. गुडघे बाहेर, पाठ ताठ. मांड्या थरथर कापत होत्या. तुम्ही, शाळेच्या खेळाच्या बाई, गळ्यात शिट्टी अडकवून तिथून चालला होतात. थांबलात, कमरेवर हात ठेवलेत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हे पोरगी नाचून नाही राह्यली बे. हे खाली नाही पडाची म्हून धडपडून राह्यली." पोरी खिदळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाता जाता तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी मैदानावर ये. नाच तुह्या ताई शिकवतीन. पाय मी देतो तुले."

आणि पाय दिलेत, हे मी नाकारत नाही. चिडले असले तरी खोटं बोलणार नाही.

पहिले तीन महिने तुम्ही मला नाचाचं नावही काढू दिलं नाहीत. खो-खोच्या चौकोनात बसायचं, 'खो' मिळाला की उसळून धावायचं, पुन्हा बसायचं. सकाळच्या वेळात साठ-साठ उठाबशा त्यात कधी होऊन जायच्या ते कळायचंही नाही. मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाला बांधलेला दोरीचा मल्लखांब. पायाच्या अंगठ्यात दोर पकडून वर चढायचं आणि वर गेल्यावर पाठीची कमान करून उलटं लटकायचं. हिवाळ्यात पैनगंगेत गुडघाभर पाण्यातून प्रवाहाच्या उलट चालायचं, पाय पाण्याबाहेर न काढता. सुट्टीत तुमच्या बहिणीच्या शेतात तण निंदायला नेलंत. पिकाच्या तासाच्या कडेकडेनं उकिडवं बसून सरकताना मी कुरकुरले, तर म्हणालात, "तुह्या नाचाची बैठक अन् निंदनाची बैठक, फरक एवढाच हाय, का इथं टाळ्या नाही वाजत."

आणि तुरीच्या शेंगा! तुमच्या घरी भिंतीला पाठ लावून, तळपायाला तळपाय जोडून बसायचं आणि मांडीत टोपलं घेऊन शेंगा सोलायच्या. टोपलं रिकामं होईपर्यंत उठायचं नाही. पहिल्या वर्षी माझे गुडघे जमिनीपासून वीतभर वर असायचे. दुसऱ्या वर्षी शेंगा संपता संपता ते जमिनीला टेकले. मी ओरडले, "बाई, टेकले!" तुम्ही टोपल्यात पाहिलंत. "अन् दाने कमी काऊन हायेत? खाल्ले का?"

ताईंच्या लक्षात आलं. एका शनिवारी त्या तालाची काठी टेकवून म्हणाल्या, "पल्लवी, तुझी बैठक कुणी बसवली? मी तर नाही बसवली." मी तुमचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या तुम्हाला भेटायला मैदानावर आल्या, आणि तुम्ही दोघी कडुनिंबाखाली बराच वेळ बोलत बसलात. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्याएवढं नशीबवान या गावात कुणी नाही. एक गुरू नाच शिकवते, दुसरी पाय घडवते, आणि दोघींचं पटतंही.

तुमची एक गोष्ट मला तेव्हा जादूच वाटायची. मी तालमीला उभी राहिले की तुम्ही समोर प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचात. मला वाटायचं, झोपल्यात. मग एकदम म्हणायचात, "थांब. उजवा पुन्हा." शहाबादी फरशीवर पडणाऱ्या टाचेचा आवाज तुम्ही ऐकत होतात. बघून कळत नाही ते ऐकून कळतं, असं तुम्ही मला शिकवलंत. पण काय ऐकू येतंय, ते कधी सांगितलं नाहीत. उजव्या पायालाच दुप्पट काम का, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "उजवा तुहा राजा हाय. राजाले जास्त काम."

मी केवढी फुशारले होते! उजव्या पायानं शाळेच्या पायऱ्या चढले, उजव्या पायावर दोन-दोन मिनिटं बगळ्यासारखी उभी राहिले. वहीत लिहून ठेवलं, उजवा राजा, डावा प्रधान. पुढे स्वतः शिकवायला लागले तेव्हा माझ्या पोरींनाही तेच सांगितलं. प्रत्येकीचा एक राजा पाय असतो म्हणून. खोटं नाणं मी खरं म्हणून पुढे चालवत राहिले, बाई.

विसाव्या वर्षी ताईंनी पुण्याच्या महोत्सवासाठी सहाजणींना निवडायचं ठरवलं. महोत्सव, आणि त्यानंतर दीड महिन्याचा दौरा. मी त्यात असणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती, मला तर मुळीच नाही. त्या दिवसांत संध्याकाळी माझा उजवा गुडघा सुजायचा. सलवारीखाली पट्टी बांधून मी तालमीला जायचे. राजा दमतो, म्हटलं, काम जास्त करतो. हो, मी लपवत होते. पण मी माझं दुखणं लपवत होते. तुम्ही माझं दुखणं माझ्यापासूनच लपवलंत. हा फरक तुम्हाला कळत नव्हता असं मला म्हणू नका.

ताईंनी यादी वाचली. माझं नाव नव्हतं. मी विचारलं तर त्या खाली बघत म्हणाल्या, "तुझी तयारी अजून कमी आहे." बस, एवढंच. सहा वर्षं ज्यांनी माझ्या डोळ्यांत बघून शिकवलं, त्या त्या दिवशी फरशीकडे बघून बोलल्या. मी डोक्यात राख घालून घेतली. म्हणाले, "सरळ सांगा ना, तुम्हाला तुमच्या अकोल्याच्याच मुली हव्यात." घुंगरू सोडले, पिशवीत टाकले, आणि रोज निघताना भूमीला करायचा नमस्कारही न करता निघाले. एक वर्णम अर्धं शिकून झालं होतं. लांबलचक रचना, दोन वर्षं त्याच्यावर घासत होतो आम्ही. ते तिथंच थांबलं.

आणि मी आले कुठे, तर तुमच्याकडे. तुमच्या ओट्यावर बसून मी हमसून हमसून रडले. तुम्ही म्हणालात, "काऊन रडून राह्यली? पाय तुटला का?" मी म्हटलं, पाय तुटला असता तरी चाललं असतं. तुम्ही उठलात. आत गेलात, चहा ठेवलात. मला वाटलं, बाईंना पण माझ्याइतकंच लागलं असेल.

नंतरचं वर्षभर तुम्ही मला उडी मारू दिली नाहीत. नुसतं पाणी, दोरी आणि भिंत. "राग लई साचला तुह्या अंगात. तो पान्यात सोड," म्हणालात. नदीतून चालताना मी ताईंच्या नावानं बोटं मोडायचे, आणि तुम्ही काठावर चपला घेऊन उभ्या असायचात. तो रागावरचा इलाज नव्हताच. गुडघ्यावरचा होता. तो गुडघा आज ठणठणीत आहे. एकतिसाव्या वर्षी मी पूर्ण खाली बसून हात न टेकता उठते. माझ्या बरोबरीच्या ज्या मुली दौऱ्यावर गेल्या, त्यांतल्या एकीनं नाच सोडला, कारण तिला जिना चढवत नाही. हे सगळं मी मानते. तुमच्या पायाशी डोकं ठेवून मानते.

पण मग शेगावच्या स्टेशनाचं काय करू?

माझ्या विद्यार्थिनींना पहिल्यांदा नागपूरला घेऊन चालले होते. तुम्ही सोबत आला होतात, पोरींना धाकात ठेवायला. फलाटावर सुमतीताई दिसल्या. दर्शनाला आल्या असाव्यात, प्रसादाची पिशवी हातात होती. केस पार पिकलेले. त्यांनी मला पाहिलं आणि हात अर्धा वर उचलला. मी पाठ फिरवली. तुम्ही आमच्या दोघींच्या मध्ये उभ्या होतात, बाई. एकदा त्यांच्याकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं काही बोलणार. तुम्ही म्हणालात, "चाल बे, पुढं चाल. गाडी आली."

गाडी यायला वीस मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं होतं.

त्या वीस मिनिटांत एक वाक्य बोलायचं होतं. 'फोन म्या केला होता.' चार शब्द. तुम्ही मूग गिळून पोरींच्या पाण्याच्या बाटल्या मोजत राहिलात. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला, बाई. दुष्मनानं केलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते.

त्या दिवशी पुण्यानुमोदन संपल्यावर मी ताईंना विहाराच्या गेटपाशी गाठलं. मला विचारायचं होतं खूप, पण तोंडातून एवढंच निघालं, "ताई, मला हे माहीत नव्हतं."

"म्हणजे? बाईंनी तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"अगं, त्यांनी मला शब्द दिला होता. म्हणाल्या, 'तुम्ही पोरीले पायाचं सांगू नका. पायाले कळलं का तो कमजोर हाय, तर तो घाबरते, मंग जन्मभर अंग चोरून पडते. वेळ पाहून म्या सांगीन तिले.' मी धरून चालले की त्यांनी सांगितलं असेल. शेगावला तू पाठ फिरवलीस तेव्हा घरी येऊन रडले मी. म्हटलं, सगळं कळूनही या मुलीच्या मनात एवढा राग?"

बाई, खो-खोतली तुमची ती पद्धत मला माहीत होती, ती माझ्यावरही चालवाल असं मात्र वाटलं नव्हतं. खो-खोच्या पोरीला कधी सांगायचं नाही की तुझा कुठला पाय लंगडा आहे. सांगितलं की ती धावताना त्याचाच विचार करते आणि पडते. निवड करणाऱ्याच्या कानावर घालायचं, पोरीला मैदानावर वेगळ्या निमित्तानं राबवायचं आणि पाय तयार झाला की गुपचूप परत घ्यायचं. चाळीस वर्षं तुमचं ते चाललं. खो-खोत पुढच्या हंगामाला दुसरा संघ निघतो, पोरगी परत येते आणि कुणाला काही कळत नाही. पण आमच्यात दुसरा संघ नसतो हो. आमच्यात गुरू एकच असते, आणि तिच्याशी मोडलं की मोडलं. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. बरं, आधी नसेल कळलं. पण मी तुमच्या ओट्यावर बसून ताईंना नावं ठेवत होते, तेव्हा तर कळलं ना? प्रत्येक वेळी उठून चहा ठेवायला गेलात, म्हणजे कळलंच होतं.

काय भीती होती तुम्हाला? मी तुमच्यावर चिडले असते? चिडले असतेच. महिनाभर आले नसते. मग आले असते. तुमच्याशिवाय मी जाणार होते कुठे? हे लिहिताना आज माझं मलाच रडू येतंय, आणि तुमची आठवण येऊन येतंय की तुमचा राग येऊन, ते सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी मी अकोल्याला जाऊन आले. ताईंच्या हातात आता काठी धरवत नाही, बोटं कापतात. मी म्हटलं, ते अर्धं राहिलेलं वर्णम पुरं करू. त्या खूश झाल्या. मांडीवर हातानं ताल देत बोल म्हणायला लागल्या. आम्ही जिथं थांबलो होतो तिथपर्यंत सगळं स्वच्छ आलं. मी बैठकीत होते, तुम्ही दिलेल्या पायांवर. पुढची ओळ आली. ताई थांबल्या. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबल्या. म्हणाल्या, "पुढचं सलग आठवत नाही गं मला आता. तू लवकर यायला हवं होतंस."

मी लवकर यायला हवं होतं, बाई! ऐकलंत ना?

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

माझ्याकडे ऋतुजा नावाची मुलगी आहे, नववीतली. धामणगाव बढ्याहून मामाकडे राहायला आलीय, नाच शिकण्यासाठी म्हणून. तिचं मन सगळं त्या नागपूरच्या स्पर्धेत आहे. पुढच्या महिन्यात आहे ती. परवा तालमीला मी खुर्चीत बसून डोळे मिटले. तुमच्यासारखेच. आणि ऐकू आलं. डावी टाच उशिरा, हलकी, अंग चोरून पडत होती. मी डोळे न उघडता म्हटलं, "थांब. डावा पुन्हा."

ती म्हणाली, "मॅडम, डावा माहा राजा हाय ना?"

मीच सांगितलं होतं तिला, महिन्यापूर्वी. तेव्हाही ऐकू आलं होतं मला, फक्त तिला धीर यावा म्हणून मी कमजोर पायालाच राजा म्हटलं; नकळत तुमच्यासारखीच वागले होते. क्लास सुटल्यावर तिच्या मामाचा नंबर काढून बसले. त्यांना सांगायचं, पोरीला काहीतरी कारण काढून थांबवा, तिला पायाचं कळू देऊ नका. बोट नंबरावर होतं. तुमची पद्धत केवढी सोपी आहे हे तेव्हा कळलं. दोन मिनिटांत काम झालं असतं आणि ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली असती.

मी फोन ठेवला. काल तिला समोर बसवून सांगितलं. "ऋतुजा, तुझा डावा पाय राजा नाही. तो कमजोर आहे, आणि ते मला महिनाभर माहीत होतं. खोटं बोलले मी तुझ्याशी. डॉक्टरला दाखवू, व्यायाम मी करून घेईन, पण नागपूरला मी तुला पाठवणार नाही. हे मीच ठरवलंय, दुसऱ्या कुणी नाही."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मंग आधी काऊन नाही सांगितलं? मले येडी समजून राह्यल्या का तुम्ही?" घुंगरू सोडले, पिशवीत कोंबले आणि नमस्कार न करता निघून गेली. दारातून जाताना तिची डावी टाच फरशीवर हलकीच पडली. तुमचं एवढं मात्र खरं निघालं, तिच्या पायाला कळलंय आता. तो घाबरेलही. पाण्यातून, दोरीवरून त्याची भीती काढायला मला दोन वर्षं लागली तर लागली.

आज ती क्लासला आली नाही. सकाळी तिच्या मामीचा फोन आला. "काय झालं वो मॅडम? पोरगी कालपासून धड जेवून नाही राह्यली. तुमचं नाव काढलं का भांडे आदळते."

मी विचारलं, "माझंच नाव काढल्यावर ना?"

"हाव. दुसऱ्या कोनाचं नाही. तुमचंच."

मी म्हटलं, "मग आदळू द्या."